छातीतला चुना आणि पित्ताची गोळी

(१९८४ च्या दहावीच्या तुकड्यांच्या चाळिसाव्या वर्षीच्या स्नेहमेळाव्यात, डिसेंबर २०२४ मध्ये केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय ‘पन्नाशीनंतरचं आरोग्य’. वीस मिनिटांत सगळं आरोग्य मावत नाही, आणि मला सगळं येतही नाही. मी रेडिओलॉजिस्ट. म्हणजे पेशंटशी कमी आणि त्याच्या फोटोशी जास्त बोलणारी डॉक्टर. शाळेत मला भूगोलाचे नकाशे भरायला आवडायचे. पुढे आयुष्यभर तेच केलं, फक्त नद्यांच्या जागी रक्तवाहिन्या आल्या. तेव्हा आज मी एकाच तपासणीबद्दल बोलणार आहे. गेली काही वर्षं आपल्या ग्रुपवर जिचे रिपोर्ट क्रिकेटच्या स्कोअरसारखे टाकले जातात, ती हृदयाच्या कॅल्शियम स्कोअरची तपासणी. ‘माझा शून्य, तुझा किती?’ हे तुम्ही सगळ्यांनी वाचलंय. स्कोअर टाकणारे सगळे मुलगे होते, हेही तुमच्या लक्षात आलं असेल. एकाही मुलीनं टाकला नाही, कारण एकीनंही तो काढला नव्हता.

पण आधी एक कबुली देते. ज्या मैत्रिणीची ही गोष्ट आहे ती आत्ता तिसऱ्या रांगेत बसली आहे. तिची परवानगी घेतली आहे. तिची अट एकच होती, ‘माझं नाव घेऊ नकोस, पण ती पित्ताची गोळी मात्र सांग.’

२०१९ च्या मेळाव्यात दुसऱ्या दिवशी सकाळी आपण अजिंक्यताऱ्यावर गेलो होतो. तुम्हाला आठवत असेल, पुरुषमंडळी गप्पा मारत पुढे गेली आणि आम्ही मागे राहिलो. अर्ध्या चढणीवर ही एका दगडावर बसली. आंतरशालेय स्पर्धेत चारशे मीटरला कधी दुसरा नंबर न आलेली मुलगी ही. म्हणाली, ‘तुम्ही व्हा पुढे, मला पित्त झालंय. घशाशी येतंय काहीतरी, आणि जबडा भरून आल्यासारखा वाटतोय.’ मी, पंचवीस वर्षं डॉक्टरकी केलेली बाई, तिला म्हणाले, ‘उपाशीपोटी दोन चहा घेतलेस ना? मग होणारच.’ पर्समधून पित्ताची गोळी काढून दिली. पाच मिनिटं बसल्यावर तिला बरं वाटलं. पुन्हा चढायला लागल्यावर पुन्हा तसंच झालं, तेव्हा ती खाली उतरून गेली. आम्ही वर जाऊन फोटो काढले.

चढताना येतं, बसल्यावर जातं. शास्त्राच्या बाई समोर बसल्या आहेत, त्यांनी आठवीतसुद्धा विचारलं असतं की हे पोटाचं असेल तर बसल्यावर थांबतं कसं? मला हा प्रश्न पडला नाही. हीच तक्रार पुढे चाललेल्या एखाद्या मित्रानं केली असती, तर मी त्याला तिथल्या तिथे खाली आणून हॉस्पिटलात नेलं असतं, याची मला आज खात्री आहे.

पुढे फेब्रुवारी २०२० मध्ये एका पहाटे तिचे दोन्ही खांदे आणि पाठ दुखायला लागली, घाम आला, उलटी झाली. तिनं आधी डबे केले. नातवाला अंघोळ घातली. मग अकरा वाजता दवाखान्यात गेली. तिथे एक ईसीजी काढला, तो ठीक दिसला. अ‍ॅसिडिटीचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. संध्याकाळी दुसरीकडे नेलं तेव्हा रक्तातलं ट्रोपोनिन वाढलेलं निघालं आणि हृदयाच्या पुढच्या बाजूची मुख्य रक्तवाहिनी जवळजवळ बंद होती. स्टेंट बसला. ती वाचली. हृदयाच्या स्नायूचा एक तुकडा मात्र त्या दिवसभरात गेला. म्हणून ती आता जिन्याच्या मधल्या पायरीवर थांबते, तुम्ही काल पाहिलंच असेल.

मी तिला भेटायला गेले तेव्हा तिचे यजमान म्हणाले, ‘अहो, घरात हृदयाची काळजी माझीच होती!’ ते खरंच होतं. २०१७ मध्ये त्यांनी पॅकेजमध्ये कॅल्शियम स्कोअर काढला होता. ११२ आला. डॉक्टरांनी स्टॅटिनची गोळी सुरू केली, सिगरेट सुटली, रोज चालणं सुरू झालं. आज ते ठणठणीत आहेत, आणि या तपासणीचा उपयोग कसा व्हावा याचं ते चांगलं उदाहरण आहे. त्या दिवशी ही त्यांच्याबरोबर गेली होती. त्यांचं घड्याळ, पाकीट आणि चष्मा मांडीवर घेऊन दीड तास बाहेरच्या बाकावर बसली होती. तिला कुणी काही विचारलं नाही.

विचारलं असतं तर दोन गोष्टी कळल्या असत्या. एक, पहिल्या बाळंतपणात आठव्या महिन्यात तिचा बीपी खूप वाढला होता, अंगावर सूज आली होती आणि बाळंतपण लवकर करावं लागलं होतं. दोन, सदतिसाव्या वर्षी तिची पिशवी काढली, आणि त्याबरोबर दोन्ही बीजकोशही. या दोन्ही गोष्टी बाईचा हृदयविकाराचा धोका वाढवतात, हे वैद्यकशास्त्राला चांगलं माहीत आहे. अमेरिकेतल्या २०१८ च्या कोलेस्टेरॉलच्या मार्गदर्शक सूचनांत गर्भारपणातला असा बीपी आणि चाळिशीच्या आत गेलेली पाळी या दोन्हींची नोंद धोका वाढवणाऱ्या गोष्टींमध्ये आहे. त्याच यादीत आणखी एक नोंद आहे: दक्षिण आशियाई वंश. म्हणजे आपण सगळे, जन्मतःच. पिशवी काढणं तर आपल्याकडे किती सहज होतं ते मी सांगायला नको. बीडच्या ऊसतोड बायकांच्या बातम्या २०१९ मध्ये आपण सगळ्यांनी वाचल्या. पण ‘तरुणपणी पिशवी काढलेल्या बाईच्या हृदयाकडे लक्ष द्या’ असं डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं मी तरी अजून पाहिलेलं नाही.

आता तपासणीकडे येते. ती फार सोपी आहे. सीटी स्कॅनच्या टेबलावर झोपायचं, छातीला ईसीजीच्या तीन-चार पट्ट्या लावतात, दहाएक सेकंद श्वास रोखायचा, की झालं. इंजेक्शन नाही, डाय नाही. कपडे बदलण्यात जास्त वेळ जातो. किरणोत्सर्ग साधारण एक मिलिसिव्हर्ट. निसर्गातून वर्षभरात आपल्याला याच्या दुपटीहून जास्त मिळतो. तेवढ्यासाठी घाबरायचं कारण नाही. पण ‘दरवर्षी काढू’ असंही करू नका.

मग त्या फोटोत आम्ही पाहतो काय? हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळ्यांच्या भिंतीत वर्षानुवर्षं चरबी साचते, तिथे सूज येते, आणि शरीर ती जागा बुजवायला लागतं. बुजवताना तिथे कॅल्शियम बसतं. सोप्या भाषेत, चुना. सीटीत तो हाडासारखा पांढरा चमकतो. चुना म्हणजे आजार नव्हे, चुना म्हणजे आजार इथे मुक्कामाला होता याची खूण. जखमेवरची खपली पाहून आपण ओळखतो ना, इथे लागलं होतं, तसं. आणखी एक, कारण हा प्रश्न मला दर आठवड्याला येतो: या कॅल्शियमचा दुधाशी आणि नाचणीच्या भाकरीशी संबंध नाही. दूध बंद करून स्कोअर कमी होत नाही. स्कोअर ‘धुऊन काढणारे’ सलाइनचे कोर्स विकणाऱ्यांकडेही जाऊ नका.

या चुन्याला आकडा द्यायची रीत १९९० मध्ये मायामीतले हृदयरोगतज्ज्ञ आर्थर अ‍ॅगॅटस्टन आणि रेडिओलॉजिस्ट वॉरन जॅनोविट्झ यांनी मांडली. (हे तेच अ‍ॅगॅटस्टन, ज्यांचं ‘साऊथ बीच डाएट’ नावाचं पुस्तक २००३ मध्ये धडाधड खपलं. त्यांच्या आहाराचा आपल्या वरण-भाताशी काही मेळ बसत नाही, ते सोडून द्या.) सीटीत प्रत्येक ठिपक्याची घनता मोजतात. पाणी म्हणजे शून्य, हवा उणे हजार. १३० च्या वर गेलेला ठिपका कॅल्शियम मानायचा. त्याचं क्षेत्रफळ चौरस मिलिमीटरमध्ये मोजायचं आणि घनतेप्रमाणे एक ते चारनं गुणायचं: १३० ते १९९ ला एक, दोनशेच्या घरात दोन, तीनशेच्या घरात तीन, चारशेच्या वर चार. सगळ्या ठिपक्यांची बेरीज म्हणजे तुमचा स्कोअर. गणिताचे सर हसतायत. सर, या उत्तराला धड एकक नाही. तुम्ही अर्धा मार्क कापला असता.

पण सरांनी दुसरी एक गोष्ट शिकवली होती आणि ती इथे फार कामाला येते. शेकडेवारीचं गणित फळ्यावर मांडलं की सर आधी विचारायचे, ‘कशाच्या शेकडा?’ त्याचं उत्तर दिल्याशिवाय पुढे जाऊ द्यायचे नाहीत. कॅल्शियम स्कोअरच्या रिपोर्टमध्ये दोन आकडे असतात. पहिला मोठ्या अक्षरात, तो सगळे ग्रुपवर टाकतात. दुसरा खाली, बारीक अक्षरात: तुमच्या वयाच्या आणि तुमच्याच लिंगाच्या शंभर माणसांत तुम्ही कितवे. तो कुणी वाचत नाही. बाईच्या बाबतीत मात्र तोच आधी वाचायला हवा.

कारण असं. बायकांच्या नळ्यांत चुना दिसायला पुरुषांपेक्षा साधारण दहा वर्षं उशिरा सुरुवात होते. आपल्या वयाच्या, म्हणजे पंचावन्नच्या आसपासच्या बायकांत निम्म्याहून जास्त जणींचा स्कोअर शून्य असतो. याच वयाच्या पुरुषांत निम्म्याहून जास्त जणांच्या नळ्यांत थोडाफार चुना आधीच असतो. म्हणून पंचावन्न वर्षांच्या पुरुषाचा स्कोअर ३० आला तर तो गर्दीतला एक असतो. त्याच वयाच्या बाईचा ३० आला तर ती तिच्या वयाच्या चारांतल्या तिघींच्या पुढे निघून गेलेली असते. आकडा एकच, पण रांग वेगळी. आणि काय होतं, की रिपोर्ट हातात घेऊन घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘अगं, यांचा ११२ होता, तुझा तर तीसच आहे!’

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. ज्यांना काही त्रास नव्हता अशा साठ हजारांवर स्त्री-पुरुषांचे स्कोअर काढून अमेरिकेत बारा-तेरा वर्षं त्यांचा पाठपुरावा केला गेला. तो अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. शून्य स्कोअर असलेल्या बायका आणि पुरुष, दोघांचंही ठीक चाललं होतं. पण चुना दिसलेल्यांमध्ये बायकांचा हृदयविकारानं मरण्याचा सापेक्ष धोका पुरुषांच्या सुमारे १.३ पट निघाला. याच्या कारणांबद्दल चर्चा चालू आहे. मला पटणारं एक कारण साधं आहे: बायकांच्या हृदयाच्या नळ्या पुरुषांपेक्षा अरुंद असतात. स्कोअर मोजतो चुन्याचं क्षेत्रफळ. नळीच्या मानानं तो किती, हे तो मोजत नाही. मोठ्या रस्त्यावर बैलगाडी उभी राहिली तर वाहतूक बाजूनं निघते. शाळेमागच्या बोळात तीच उभी राहिली तर?

आता यात आपण भारतीय कुठे बसतो? तो बारीक अक्षरातला आकडा बहुतेक ठिकाणी ‘मेसा’ नावाच्या अमेरिकन अभ्यासावरून काढतात. २००० मध्ये सुरू झालेल्या या अभ्यासात ४५ ते ८४ वयाचे ६,८१४ लोक होते. गोरे, कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक आणि चिनी. भारतीय नव्हते. ‘कशाच्या शेकडा?’ या सरांच्या प्रश्नाला आपल्यापुरतं उत्तरच नव्हतं. ती उणीव भरून काढायला तिथल्या दक्षिण आशियाई लोकांवर वेगळा अभ्यास २०१० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात आणि शिकागोत सुरू झाला. सुरुवातीला ९०६ जण होते. त्याचं नाव आहे ‘मसाला’. हसू नका, खरंच मसाला. त्यात आपल्या पुरुषांच्या नळ्यांत चुना गोऱ्या पुरुषांइतकाच आणि बाकी तिन्ही गटांतल्या पुरुषांपेक्षा जास्त निघाला. बायकांमध्ये असा मोठा फरक दिसला नाही. तिथे राहणारे बहुतेक जण शिकलेले, बऱ्या स्थितीतले. आपल्या तालुक्यातल्या मशेरी लावणाऱ्या बाईला तो नियम जसाच्या तसा लावायला मी धजणार नाही. मशेरी मुद्दाम म्हणाले. ‘घरात तंबाखू कोण खातं?’ असं विचारलं की सगळे पुरुषांकडे बघतात, आणि आजी पदरामागे दात घासत असतात.

वयाबद्दल एकच आकडा सांगते. बावन्न देशांतल्या इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला हार्ट अटॅक सरासरी ५३ व्या वर्षी आला होता. इतर देशांत ५८.८ व्या वर्षी. आपण सगळे ५५-५६ चे आहोत. मागच्या भिंतीवर हार घातलेले जे फोटो आहेत त्यांतले दोन मित्र याच कारणानं गेले, आणि दोघंही त्रेपन्नच्या आत. दोघांनाही आधी काही त्रास नव्हता. ही तपासणी नेमकी अशा माणसांसाठी आहे. ज्याला काही होत नाही, बीपी-कोलेस्टेरॉल जरा वर आहे, आणि गोळी घ्यावी की नाही याबद्दल डॉक्टर आणि पेशंट दोघंही साशंक आहेत, त्याला हा आकडा कौल देतो. शंभराच्या वर असेल तर गोळीबद्दल फार वाद उरत नाही. एक ते नव्व्याण्णवमध्ये पारडं गोळीकडे झुकतं, विशेषतः पंचावन्नच्या पुढे. शून्य असेल तर बहुतेकांना गोळी पुढे ढकलता येते आणि काही वर्षांनी पुन्हा पाहता येतं. अपवाद सिगरेट ओढणारे, मधुमेही आणि घरात तरुण वयात हृदयविकार झालेला आहे असे लोक. त्यांनी शून्यावर विसंबायचं नाही.

शून्यावरून आपल्याच एका मित्राची गोष्ट. तोही इथे आहे, आणि त्यानंच सांगायला सांगितलं आहे. त्यानं २०२१ मध्ये ग्रुपवर शून्याचा रिपोर्ट टाकला होता, शेजारी दंड फुगवलेला इमोजी. पुढच्या वर्षी एका रात्री त्याचा फोन: ‘छातीत दाबतंय, पण काळजी नाही ना? माझा शून्य आहे.’ दिवसाला दहा सिगरेटी. मी त्याला म्हणाले, रिपोर्ट घरी ठेव आणि रिक्षा पकड. ताजा, मऊ चरबीचा थर या स्कॅनमध्ये दिसत नाही. चुना बसायला वेळ लागतो, आणि फुटतो तो बऱ्याचदा मऊ थरच. छातीत दुखतंय, चढताना दम लागतोय, तर ही तपासणी तुमच्यासाठी नाही. तुमच्यासाठी ईसीजी, ट्रोपोनिन आणि समोर बसलेला डॉक्टर आहे. त्याला स्टेंट लागला. आता तो सिगरेट ओढत नाही. इमोजी अजून टाकतो.

बायकांच्या बाबतीत हे दुपटीनं खरं आहे. काही जणींच्या मोठ्या नळ्या मोकळ्या असतात, बिघाड बारीक नळ्यांत असतो किंवा नळी आकसते. सीटीत आणि कधीकधी अँजिओग्राफीतसुद्धा सगळं स्वच्छ दिसतं, आणि तिला सांगितलं जातं, ‘टेन्शन घेऊ नका.’ तिचं दुखणं खरं असतं. हार्ट अटॅकमध्ये बायकांनाही सगळ्यात जास्त वेळा छातीतच दुखतं, हे नीट लक्षात ठेवा. पण त्याबरोबर जबडा, पाठ, मळमळ, दम, विलक्षण थकवा हेही पुरुषांपेक्षा जास्त वेळा येतं. मग तीही त्यालाच पित्त म्हणते आणि आम्हीही. १९९१ मध्ये बर्नाडिन हीली या हृदयरोगतज्ज्ञ बाईंनी यावर एक लेख लिहिला. त्याच वर्षी त्या अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या पहिल्या महिला प्रमुख झाल्या होत्या. त्यांनी या प्रकाराला ‘येंटल सिंड्रोम’ म्हटलं. येंटल ही एका कथेतली मुलगी. तिला धर्मग्रंथ शिकायचे असतात, म्हणून ती मुलाचा वेष घेते. हीलीबाईंचं म्हणणं असं, की बाईचं हृदय पुरुषासारखं आजारी आहे हे तिनं सिद्ध केल्यावरच तिला पुरुषासारखे उपचार मिळतात. मी हा लेख एम.डी. करताना वाचला होता. आवडलाही होता. तरी अजिंक्यताऱ्यावर मी गोळीच दिली.

तिला २०१७ मध्ये त्या टेबलावर झोपवलं असतं तर काय दिसलं असतं, हे मी रात्री बऱ्याचदा मनात काढून बघितलं आहे. कदाचित चुना दिसला असता आणि तिलाही गोळी मिळाली असती. तेव्हा ती अठ्ठेचाळिशीची होती. कदाचित शून्यही आला असता आणि आम्ही सगळे निर्धास्त झालो असतो. म्हणून ‘बायकांनो, सगळ्या जणी उद्या स्कोअर काढा’ असं मी सांगणार नाही. मी सांगते ते इतकंच, की तपासणीच्या आधीचे प्रश्न तिलाही विचारले जायला हवे होते. बाळंतपणात बीपी होता का? तेव्हा साखर वाढली होती का? पाळी कधी गेली, आपोआप की ऑपरेशननं? संधिवात आहे का? त्यांची उत्तरं द्यायला पैसे लागत नाहीत. आणि डॉक्टर विचारत नसतील, तर आपणच सांगायचं. बाळंतपण पंचवीस वर्षांपूर्वीचं असलं तरी सांगायचं.

माझं म्हणाल तर, तिच्या बेडशेजारी बसून घरी आले आणि लक्षात आलं की हजारो माणसांची हृदयं बघितलेली मी त्या टेबलावर स्वतः कधी आडवी झाले नव्हते. मार्च २०२० मध्ये, सगळं बंद व्हायच्या आठवडाभर आधी, आमच्याच सेंटरमध्ये टेक्निशियनला म्हटलं, माझा काढ. तो आधी हसला. आकडा आला १४. त्याला वाटलं मी खूश होईन. पहिला आकडा बघून तसं वाटलंच असतं. खालचा आकडा वाचला, तर पन्नाशीच्या बायकांच्या रांगेत मी अगदी पुढे होते. माझ्या आईला साठीच्या आत अटॅक आला होता, कोलेस्टेरॉलकडे मी पाच वर्षं पाहिलं नव्हतं. आमच्या हृदयरोगतज्ज्ञांनी स्टॅटिन सुरू केलं. तेव्हापासून रात्री जेवणानंतर एक गोळी. पहिले दोन महिने पोटऱ्या दुखल्या, गोळी बदलून घेतली, थांबल्या.

एक तांत्रिक गोष्ट इथेच सांगून टाकते, कारण यावरून बरेच जण घाबरतात. स्टॅटिन घेताना थरातला मऊ भाग कमी होतो आणि चुना आणखी घट्ट होतो. त्यामुळे गोळी सुरू असताना पुन्हा स्कोअर काढला तर तो वाढलेला दिसू शकतो. याचा अर्थ गोळी फुकट गेली असा नाही. एकदा गोळी सुरू झाली की बहुतेकांनी स्कोअर पुन्हा काढण्यात अर्थ नाही, कोलेस्टेरॉल तपासत राहायचं. स्टेंट किंवा बायपास झालेल्यांनीही तो काढायचा नाही. तुमचं उत्तर आधीच आलेलं आहे.

घड्याळाकडे बघून संयोजक खुणा करतायत, तेव्हा दोन सूचना देऊन थांबते. जेवणानंतर तीन ते चार मी दहावी अ च्या वर्गात, खिडकीकडच्या तिसऱ्या बाकावर बसणार आहे. ज्यांनी रिपोर्ट आणले आहेत त्यांनी तिथे यावं. मुलग्यांनी आपला रिपोर्ट दाखवायला येताना बायकोला बाहेर घड्याळ सांभाळत बसवू नये, आत घेऊन यावं. आधी तिला विचारेन, मग तुमची फाईल उघडेन. आणि बाई, तुम्हीही या. तुमच्या पायांवर सूज दिसतेय, मी सकाळपासून पाहतेय.

उद्या सकाळी साडेसहाला अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी जमायचं आहे. ती अर्ध्यापर्यंत येणार आहे, त्याच दगडापर्यंत. तिच्या डॉक्टरांनी तेवढी परवानगी दिली आहे. मी तिच्याबरोबर तिथेच थांबणार आहे. फोटो काढायला वर कुणीतरी दुसरं जा.